कुलकुलांचे दिवस

मुंबई, वसई आणि गोवा या किनारपट्टीवरचा जुना नाताळ २५ डिसेंबरच्या कितीतरी आधी सुरू होत असे. नोव्हेंबरअखेरीस किंवा डिसेंबरच्या आरंभी आगमनकाळाचा पहिला रविवार आला की चर्चमधल्या धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी होत, लग्ने थांबत आणि घरोघर तयारीला हात लागे. सण संपे तो ६ जानेवारीला, तीन राजांच्या दिवशी. साधारण १९४० ते १९९० या काळातल्या या सणाकडे मागे वळून पाहताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. त्यातली बहुतेक करमणूक विकत आणलेली नव्हती. फराळ, कंदील, गोठा, गाणी, नाटके, नाच, अगदी मद्यसुद्धा घरात, वाडीत किंवा चर्चच्या आवारात तयार होई. त्यासाठी माणसांना एकमेकांच्या घरी जावे लागे, आणि सणाची खरी मजा या जाण्यायेण्यात होती.

या नाताळाचे थर वेगवेगळ्या काळात साचले. वसई १५३४मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत वसई, साष्टी आणि मुंबई बेटांवरचे शेतकरी, कोळी, वाडवळ आणि सामवेदी कुटुंबे मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाली. पोर्तुगीज सत्ता गेली, पण धर्म, चर्च आणि काही पक्वान्ने राहिली. बोली, लुगडे आणि शेतीचे वर्षचक्र तर आधीपासूनचेच होते. मुंबई-साष्टीतल्या या समाजाने इंग्रजी अमदानीत स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घेतले. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७मध्ये, त्यांची बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. गोव्यात मात्र पोर्तुगीज अंमल १९६१पर्यंत टिकला. गोठा, मध्यरात्रीची मिस्सा आणि अंडी-नारळाची पक्वान्ने हा पोर्तुगीज काळाचा वारसा, तर फळांचा केक, सजवलेले झाड, शुभेच्छापत्रे आणि सांताक्लॉज ही इंग्रजी काळाची भर. यांच्या खाली तांदूळ, नारळ, गूळ आणि बांबू यांचा मूळ कोकणी पाया होताच.

देशावरचा मराठी नाताळ वेगळ्या वळणाचा होता. अहमदनगर भागात अमेरिकन मराठी मिशनचे काम एकोणिसाव्या शतकात रुजले. तिथल्या प्रोटेस्टंट मंडळींच्या उपासनेला नारायण वामन टिळकांनी मराठी अंगाची गीते दिली. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. अभंग आणि ओवीत मुरलेल्या या कवीची गीते टाळ, पेटी आणि तबल्यावर म्हटली जात, आणि ख्रिस्तजन्माची कथा कीर्तनाच्या रूपानेही सांगितली जाई. किनाऱ्यावर याहून जुने उदाहरण सापडते. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये गोव्यातल्या रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात येशूच्या जन्माची कथा पुराणाच्या थाटात येते. त्याची देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी १९५६मध्ये काढली, आणि महाराष्ट्रातल्या सर्वसाधारण वाचकाला हे काव्य त्यानंतरच सहज वाचता येऊ लागले.

नाताळाची पहिली खूण म्हणजे घरी परतणाऱ्यांची गर्दी. धोबीतलाव आणि माझगाव परिसरात गोव्याच्या गावोगावचे ‘कुड्ड’ होते. गावकऱ्यांनी वर्गणीतून चालवलेली ही वसतिगृहे. बोटीवरचे खलाशी, आचारी, वाजवणारे, नोकरीच्या शोधात आलेली पोरे तिथे राहत. प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीशी वेदी आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. डिसेंबर उजाडला की ट्रंका भरल्या जात. गोव्याला जायचे दोन मार्ग होते. एक पुणे, मिरज, लोंढा असा घाटावरून वळसा घालणारा रेल्वेचा, दुसरा कोकणातली बंदरे घेत पणजीला पोहोचणाऱ्या आगबोटीचा. १९५५मध्ये भारताने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक कोंडी केली, सीमा बंद झाल्या आणि या वाटाही तुटल्या. मुंबईतल्या गोवेकरांना ते नाताळ फार जड गेले, कारण आईवडील पलीकडे आणि कमावती मुले अलीकडे अशी कित्येक घरांची फाळणी झाली होती. पलीकडे गोव्यात भारताचा माल येणे थांबल्यामुळे बटाटेसुद्धा हॉलंडहून आणावे लागत.

१९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला आणि अवघ्या सहा दिवसांनी नाताळ आला. वाटा पुढे पुन्हा खुल्या झाल्या. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ या बोटींच्या डेकवर डिसेंबरात पाय ठेवायला जागा नसे. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला करत बोट दुसऱ्या दिवशी पणजीला लागे. रात्रभर डेकवर सतरंज्या पसरून लोक बसत आणि कुणाकडे तरी गिटार किंवा व्हायोलिन असेच. १९९०च्या आसपास ही सेवा बंद पडली. २६ जानेवारी १९९८पासून कोकण रेल्वे सुरू झाल्यावर प्रवास एका रात्रीचा झाला. सोय झाली यात शंका नाही, पण गावाकडचा सण बोटीवरच सुरू होण्याचा तो प्रकार संपला.

फराळाचे काम पंधरा दिवस पुरे. ईस्ट इंडियन घरात त्याची पूर्वतयारी उन्हाळ्यातच झालेली असे. एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या, हळद, धणे आणि इतर वीसेक जिन्नस वाळवून, भाजून, उखळात कुटून केलेला मसाला बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरत, म्हणून त्याचे नावच ‘बाटली मसाला’. डिसेंबरात गोडाची पाळी येई. पहिला मान कुलकुलांचा. मैदा, अंडी आणि नारळाचे दूध घालून मळलेल्या पिठाची सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळायची, तळायची आणि साखरेच्या पाकात घोळवायची. एका माणसाने करायचे हे काम नव्हेच. रात्री जेवणे आटोपल्यावर टेबलाभोवती घरातली सगळी आणि शेजारची काही माणसे बसत. मुलांच्या हातून निघालेले वेडेवाकडे कुलकुलही त्याच डब्यात जाई. गप्पा, गाणी, वर्षभराच्या बातम्या आणि जमणारी लग्ने याच टेबलावर व्हायची. जुन्या नाताळातली सर्वांत मोठी करमणूक कोणती असे विचारले, तर नाचापेक्षाही आधी या रात्रींचे नाव घ्यावे लागेल.

त्यानंतर नेवऱ्या, म्हणजे कोकणातल्या हिंदू घरी दिवाळीला किंवा गणपतीला होणारी करंजीच. सारणात खोबरे, रवा, तीळ, कधी चण्याची डाळ. दोदोलाला तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा काळा गूळ तांब्याच्या मोठ्या भांड्यात तासन्‌तास ढवळावा लागे. हे काम दंडात जोर असणाऱ्यांकडे जाई. बेबिंकला तर संयमच हवा. अंड्यांचे बलक, नारळाचे दूध, साखर, मैदा, तूप आणि जायफळ यांच्या मिश्रणाचा एकेक थर ओतायचा आणि वरून निखारे ठेवून भाजायचा. तो तांबूस झाला की तूप सोडून पुढचा थर घालायचा. परंपरेने असे सात थर, आणि एक बेबिंक उतरायला अर्धा दिवस जाई. मुंबईच्या घरांत मार्झिपान बदामाऐवजी काजूचे होई, कारण बदाम परवडत नसे. काजू वाटून साखरेत आटवायचे आणि फुलापानांच्या रबरी साच्यांत दाबायचे. ‘मिल्क क्रीम’ही त्याच साच्यांतून निघे. पैशांच्या अडचणीतून आलेली ही काजूची चव पुढे इतकी जिभेवर बसली, की बदाम परवडू लागल्यावरही अनेक घरांनी ती सोडली नाही.

मुंबईत १९४३पासून शिधावाटप होते. साखर मोजून मिळे, मैदाही जपून वापरावा लागे, म्हणून ऑक्टोबरपासूनच थोडी थोडी साखर बाजूला काढली जाई. केकचे मिश्रण घरी कालवून, ट्रेमध्ये ओतून गल्लीतल्या बेकरीत न्यायचे, कारण घरी भट्टी नसे. बेकरीवाल्याचे पाव भाजून झाले की उरलेल्या आचेवर लोकांचे केक जात. ट्रे बदलू नयेत म्हणून नावाची चिठ्ठी लावलेली असे आणि केक परत आणायला मुले रांगेत उभी राहत.

मद्याची कथा निराळी. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मुंबई राज्यात दारू बंद झाली. गोव्यात काजूची आणि माडाची फेणी मुबलक असताना मुंबई-वसईत मात्र नाताळाचा पेला भरायचा कसा, हा प्रश्न होता. उत्तर घरातल्या चिनी मातीच्या बरणीत सापडले. काळ्या मनुका, साखर, थोडे यीस्ट आणि गहू घालून बरणीचे तोंड फडक्याने बांधायचे आणि ती काही आठवडे अंधारात ठेवायची. आल्याची, जांभळाची, बिटाचीही वाईन होई. याच काळात काही वस्त्यांत ‘आंटी’ लोकांचे चोरटे गुत्ते चालले, आणि सिनेमाने त्यांचीच प्रतिमा साऱ्या समाजावर चिकटवली. तो अन्याय होता. बहुसंख्य घरांतली बरणी पाहुण्याला लहानशा पेल्यातून घोटभर देण्यापुरती होती. १९६०च्या दशकात बंदी सैल झाली, तरी घरच्या वाईनची पद्धत राहिली.

तयार झालेला फराळ आधी बाहेर जाई, मग घरात उघडे. गोव्यात याला ‘कोंसुआद’ म्हणतात. तबकात नेवऱ्या, दोदोल, कुलकुले, चण्याच्या डाळीचे दोस, पेरूचे पेराद असे सगळे थोडे थोडे मांडून वर क्रोशाने विणलेला रुमाल टाकायचा आणि मुलांच्या हाती शेजाऱ्यांकडे पाठवायचे. तबक रिकामे परत येत नसे. हिंदू शेजाऱ्यांकडे पाठवताना त्यांना काय चालते याचा विचार होई, आणि चतुर्थी-दिवाळीला त्यांच्याकडून आलेल्या ताटाची ही परतफेडही असे. ज्या घरात त्या वर्षी कुणी गेले असेल तिथे कढई चढत नसे. अशा घराला सबंध वाडी फराळ पाठवी. ही व्यवस्था कुणी लिहून ठेवलेली नव्हती, पण ती चुकली तर बोलणी बसत. सुतकातल्या घरी सणाच्या दिवशी दहा घरचे गोड पोहोचणे ही सांत्वनाची फार सुंदर रीत होती. तयार मिठाईची खोकी आल्यावर हिची जागा दुसऱ्या कशानेच भरून निघालेली नाही.

गोठा बांधणे हे मुलांचे आणि तरुणांचे राज्य. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला, तिथून ही प्रथा पसरली. कोकणात तिने स्थानिक वळण घेतले. गवताचे छप्पर, मातीचे डोंगर, आरशाच्या तुकड्याचे तळे, आणि पंधरवडाभर आधी पसरट भांड्यात नाचणी किंवा गहू पेरून उगवलेली हिरवी शेते. महाराष्ट्रातली मुले दिवाळीत किल्ला करतात तसाच उत्साह आणि तशीच चढाओढ इथेही असे. जोसेफ, मारिया, मेंढपाळ आणि गाई-गाढवांच्या मूर्ती वर्षानुवर्षे पेटाऱ्यात जपलेल्या असत. बाळ येशूची मूर्ती मात्र २४ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत गोठ्यात ठेवत नसत. कंदील चांदणीच्या आकाराचा. बांबूच्या कामट्या, खळ आणि पतंगाचा कागद एवढ्यावर तो होई. आत आधी पणती किंवा मेणबत्ती असायची, वीज आल्यावर दिवा. गिरगावची खोताची वाडी, माझगावची माथारपाखाडी, वांद्र्याचे रानवार अशा जुन्या वस्त्यांत लाकडी सज्जांवर या चांदण्या लागत. झाडासाठी पाइन कुठून आणणार? सुरूची फांदी डब्यात रोवून तिच्यावर कापूस पसरला की बर्फही पडे.

२४ डिसेंबरच्या रात्रीची मिस्सा हा सणाचा गाभा. १९६२ ते १९६५ या काळातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी ती लॅटिनमध्ये होई आणि धर्मगुरू लोकांकडे पाठ करून वेदीकडे तोंड करून उभे असत. शब्द फारसे कुणाला कळत नसत, पण गायकवृंदाचे सूर, धूप आणि मेणबत्त्या यांचा परिणाम कमी नव्हता. परिषदेनंतर लोकभाषा आली. वसईत मराठी आणि गोव्यात कोकणी गीते चर्चमध्ये घुमू लागली. १९६४च्या डिसेंबरात तर पोप सहावे पॉल स्वतः मुंबईत आले होते. आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक परिषदेनिमित्तची ती भेट मुंबईकर कॅथलिकांच्या घराघरांत पुढची कित्येक वर्षे सांगितली गेली. मिस्सा संपल्यावर लोक चर्चच्या पटांगणात एकमेकांना मिठी मारत आणि मुले फटाके उडवत. रात्री दोनला घरी येऊन केक कापायचा आणि डुकराच्या मांसाच्या गरम सोरपोतेलची चव घ्यायची, मग झोप. ध्वनिप्रदूषणाचे नियम २०००मध्ये आल्यावर रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावणे अवघड झाले. विशेष सवलतीचे दिवस सोडले तर अनेक ठिकाणी ‘मध्यरात्रीची’ मिस्सा संध्याकाळी उशिरा होऊ लागली. म्हाताऱ्याकोताऱ्यांना ते सोयीचे ठरले.

नाताळाच्या करमणुकीतला सर्वांत समृद्ध भाग संगीताचा. गोव्याच्या चर्चशी जोडलेल्या पाठशाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. या शिक्षणातून तयार झालेले वादक मुंबईतल्या हॉटेलांत, मूकपटांच्या थिएटरांत आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत पोचले. शंकर-जयकिशनसाठी वाद्यमेळाची रचना करणारे सेबास्टियन डिसोझा आणि प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली ठळक नावे. ताजमहाल हॉटेलात १९३०च्या दशकात अमेरिकन जॅझ वादक येऊन वाजवत. त्यांच्यासोबत आणि त्यांच्यानंतर गोवेकरांचे बँड उभे राहिले. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचे खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ. चर्चगेटच्या रेस्टॉरंटांत ख्रिस पेरी आणि त्यांची गायिका लोर्ना यांनी पुढच्या पिढीला वेड लावले. या वादकांचा नाताळ मात्र कामाचा. सगळे गाव घरी येई तेव्हा ते शहरातल्या नाचांना सूर देत असत, आणि त्यांच्या घरच्यांना त्यांच्याविना केक कापावा लागे.

नाच गोव्यात मडगावच्या ‘हार्मोनिया’त आणि पणजीच्या ‘नासियोनाल’ व ‘वास्को द गामा’ क्लबांत होत, मुंबईत कॅथलिक जिमखाना आणि वांद्रा जिमखान्यात. वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, मधूनच हाउझी आणि बक्षिसे. आई, मावशी भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसून कोण कुणाबरोबर नाचते यावर नजर ठेवत. नव्या कपड्याचा, नव्या शिलाईचा पहिला मानही याच रात्रीचा. गोव्यातल्या मोठ्या घरांच्या दिवाणखान्यांत गुमट या मातीच्या तालवाद्याच्या आणि व्हायोलिनच्या साथीने मांडो हा कोकणी गाण्याचा प्रकार गायला जाई. त्याची संथ लय शेवटी दुलपदाच्या जलद ठेक्यात उतरली की बसलेलेही उठत.

ज्यांना क्लब परवडत नसे त्यांच्यासाठी तियात्र होते. मुंबईत १७ एप्रिल १८९२ला लुकाझिन रिबेरो यांनी ‘इटालियन भुर्गो’ सादर केले, तो या कोकणी नाट्यप्रकाराचा आरंभ मानतात. जुवांव आगुस्तिन फर्नांडिस यांनी त्याला स्वतंत्र संहिता दिल्या. नाटकाच्या प्रवेशांमध्ये ‘कांतारां’ येतात, कथेशी संबंध नसलेली गाणी. त्यांत महागाई, सासुरवास, जमीनदार, सरकार सगळ्यांचा समाचार घेतला जातो. मुंबईहून गावी आलेली मंडळी नाताळात चर्चच्या आवारात किंवा शेतात मांडव घालून तियात्र बसवत, आणि पैसे देऊन पाहिलेल्या नाटकापेक्षा शेजारच्या पोराने केलेल्या खलनायकाला जास्त टाळ्या पडत.

घराघरांत गाणाऱ्या मुलांच्या टोळ्या डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निघत. एक गिटार, एक सांताक्लॉज आणि एक दानपेटी. मग तबकड्या आल्या. जिम रीव्ह्ज या अमेरिकन गायकाची नाताळगीतांची तबकडी १९६३ची. तिने इथल्या ख्रिस्ती घरांत असे घर केले, की अनेकांना नाताळ म्हटले की त्याचाच मऊ, खालचा आवाज आठवतो. १९८१मध्ये बोनी एम या गायकगटाचा नाताळ अल्बम आला आणि कॅसेटवरून वाडीवाडीत वाजू लागला. गाणी सुधारली, गाणारे कमी झाले. १९७३च्या तेल दरवाढीनंतर आखाती देशांत गेलेल्या मुलांनी टेपरेकॉर्डर आणि चॉकलेटे आणली. त्या घरांत पैसा आला, पण टेबलाभोवतीचे हात कमी झाले. फराळ विकत घेण्याची सुरुवात तिथून झाली. दूर असलेल्यांची खबर तोवर पत्रांतून आणि तारांतून येई. तारखात्याच्या ठरावीक शुभेच्छावाक्यांत दिवाळीबरोबर नाताळही होता. ती तारसेवाच जुलै २०१३मध्ये बंद झाली.

३१ डिसेंबरला ‘म्हातारा’ जाळतात. जुन्या पँट-शर्टात गवत आणि फटाके भरून सरत्या वर्षाचे बुजगावणे करायचे, खुर्चीत बसवून रस्त्याकडेला ठेवायचे, येणाऱ्याजाणाऱ्याकडून त्याच्या नावाने पैसे मागायचे आणि बाराच्या ठोक्याला पेटवायचे. गोव्यात आणि वांद्र्याच्या गल्ल्यांत ही रीत अजून आहे. बाकी सणाचा शेवट तीन राजांकडे. बेथलेहेमला भेटी घेऊन आलेल्या तीन ज्ञानी पुरुषांच्या स्मरणार्थ ६ जानेवारीला वेरेजवळच्या रेइस मागुश चर्चमध्ये, चांदोरला आणि कासावलीला तीन मुलगे राजे होतात. मुकुट, झगे, घोडे असा त्यांचा थाट. कासावलीत कुएली, कासावली आणि आरोशी या तीन गावांचा एकेक राजा वेगळ्या वाटेने टेकडीवरच्या रेमेदियुश मातेच्या कपेलात जातो, आणि तिथे मिस्सा होते. त्यानंतर गोठे काढले जातात, मूर्ती कागदात गुंडाळून पेटाऱ्यात ठेवतात. आगमनकाळापासून थांबलेल्या लग्नांचा हंगाम तोवर सुरू झालेला असतो. मुंबईला परतणाऱ्यांच्या पिशव्यांत माडाचे व्हिनेगर, चोरिस या मसालेदार सॉसेजच्या माळा आणि पेरादच्या वड्या भरल्या जातात.